उशी आपली, अभ्रा कुणाचा?

नवं कुशन कव्हर ऑर्डर करताय? दोन मिनिटं थांबा.

'उशी' हा शब्द जुना. संस्कृत 'उच्छीर्षक' प्राकृतात झिजला, त्याची उशी झाली. तिच्यावरचा 'अभ्रा' मात्र फारसी 'अब्रा'. अब्रा म्हणजे कापडाची बाहेरची, दिसणारी बाजू. आतली ती 'अस्तर', तोही फारसीच. 'तक्क्या'सुद्धा! सुलतानांच्या दरबारातून हे शब्द मराठीत मुरले. 1677च्या सुमारास शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय आले. घरातला अभ्रा तसाच राहिला. मला यात काही खटकत नाही. रोज धुतला जाणारा शब्द कोण बदलणार?

शिवायचं गणितही तेच. कापूस धरते ती आतली खोळ, मिरवतो तो अभ्रा. म्हणून उशी न उसवता सजावट बदलता येते. 16 इंची उशीला पुढे 17 बाय 17चा तुकडा, मागे 17 बाय 12चे दोन, एकमेकांवर चढवलेले. चेन नको, बटण नको. जुन्या साडीचा काठ मागच्या उघड्या कडेला घ्या, तिथे दुमडून शिवायचं कामही वाचतं.