निधीचं पाणी टेलपर्यंत पोहोचतं का?

पीएच.डी.ला प्रवेश घेताना आपण गाईड बघतो, विषय बघतो. विभागाकडे पैसे कुठून येतात हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मग एक दिवस कळतं, की आपल्याला लागणारं उपकरण शेजारच्या विभागात आहे आणि आपल्या विभागाचा प्रस्ताव मागच्याच फेरीत नामंजूर झालाय. विद्यापीठ आपल्याकडचा निधी विभागांना देताना प्रस्ताव कसे तपासतं आणि ही पद्धत आली कुठून, ते आज पाहू.

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या उपोषणामुळे राज्यभर पोहोचलं. आमच्या या अंबड तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. कालव्याचं गणित इथं कुणाला शिकवावं लागत नाही. हेडच्या शेतकऱ्याचं रान आधी भिजतं, टेलच्याला उरलंसुरलं. म्हणून तर पाटबंधारे खात्याला ‘टेल टू हेड’, म्हणजे शेवटाकडून पाणी द्यायची पद्धत आणावी लागली. निधीचंही असंच आहे. हे लक्षात ठेवून पुढं वाचा.

अर्ज मागवून संशोधनाला पैसा देण्याचं एक जुनं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १८४९ मध्ये तिथल्या सरकारनं रॉयल सोसायटीला संशोधनासाठी १,००० पौंडांचं अनुदान देऊ केलं. ते कुणाला द्यायचं हे शास्त्रज्ञांची समिती ठरवू लागली. सरकार पैसा देणार आणि जाणकार निवड करणार, ही कल्पना आजही तशीच आहे.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पण सुरुवातीला त्याचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हेच होतं. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ च्या कायद्यानं त्याला वैधानिक दर्जा मिळाला. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख अध्यक्ष झाले. पुढे १९६० च्या दशकात आयोगानं निवडक विभागांना ‘प्रगत अध्ययन केंद्र’ म्हणून जास्तीचा निधी द्यायला सुरुवात केली. म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं देण्यापेक्षा चांगल्या विभागांना भरपूर द्यायचं. नंतर याची शिडी झाली. खाली डीआरएस, मध्ये डीएसए, वर सीएएस. नव्या विभागाला थेट वरच्या पायरीवरच्यांशी झुंजावं लागत नव्हतं, हा त्या शिडीचा मोठा फायदा.

आता मराठवाड्याकडे या. इथलं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं. मुंबईपेक्षा एकशे एक वर्षांनी उशिरा. त्याआधी निजाम राजवटीत इथली वाट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जायची. एवढ्या उशिरा निघालेल्याला जुन्या विद्यापीठांच्याच फूटपट्टीनं मोजायचं का? हाच प्रश्न रस्ते, सिंचन, आरोग्य यांबाबत राज्यापुढे आला, तेव्हा १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं राज्याची सरासरी धरली आणि प्रत्येक जिल्हा तिच्यापेक्षा किती मागे आहे ते मोजलं. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी गेला. ही झाली दुसरी फूटपट्टी. पहिली विचारते, ‘तू किती पुढे आहेस?’ दुसरी विचारते, ‘तू किती मागे राहिलास?’

विद्यापीठाच्या आत काय होतं? १९९४ च्या कायद्यानं महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ आणलं, लोकांच्या तोंडी ‘बीसीयूडी’. २०१६ च्या कायद्यात ते गेलं आणि संशोधनासाठी वेगळं मंडळ आलं. तपशील विद्यापीठागणिक बदलतात, पण साधारण वाट अशी: प्रस्ताव मागवणं, छाननी, तज्ज्ञांपुढे सादरीकरण, गुण, मग पैशाची मंजुरी. खरी मेख गुणांच्या तक्त्यात असते. प्रकाशनं किती, आधीचे प्रकल्प किती, आधीचा निधी किती? हे सगळे रकाने भूतकाळ मोजतात. ज्याला आधी मिळालं त्यालाच पुन्हा मिळतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये यालाच ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हेडचं रान.

बरं, तज्ज्ञांचे गुण तरी किती पक्के? १९८१ मध्ये कोल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले १५० प्रस्ताव दुसऱ्या तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतले. प्रस्तावाचं नशीब बऱ्याच अंशी तो कुणाच्या हाती पडला यावर ठरतं, असं दिसलं. म्हणून एक-दोन गुणांनी प्रस्ताव हुकला, तर स्वतःला नालायक ठरवू नका.

पण याचा अर्थ फक्त मागासलेपण दाखवून पैसा मागावा, असाही नाही. टेलला पाणी आलं आणि चारी फुटकी असेल तर रान कोरडंच राहणार. काम करू शकतो, याचा पुरावा द्यावाच लागतो.

म्हणून विभागाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा आधी तक्ता मागून घ्या. प्रत्येक रकान्याला विचारा: हा भूतकाळ मोजतो की पुढची शक्यता? मग नुसतं ‘आमचे दहा पेपर’ असं लिहू नका. किती शिक्षक, किती उपकरणं आणि किती पैशांत ते दहा पेपर झाले, तेही लिहा. समितीत कुणीतरी हा हिशोब वाचेल. आणि उद्या तुम्ही स्वतः त्या समितीत बसलात, तर प्रस्ताव हेडचा आहे की टेलचा, ते आधी बघा.