लिथियम उद्योगातील भांडवल-गुंतवणूक
लिथियम उद्योगातील भांडवल-गुंतवणूक : लिथियम हा सर्वांत हलका धातू होय. त्याच्या खाणी, लवणजलाची आगरे आणि निकामी विद्युत् घटमालांचे पुनश्चक्रण या व्यवसायांकडे भांडवल का वळले व वेळोवेळी का ओसरले, याचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. धातूचे गुणधर्म व संयुगे यांचे विवेचन स्वतंत्र नोंदीत आढळेल [⟶ लिथियम].

योहान आउगुस्ट आर्फव्हेडसन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये ऊटो बेटावरील पेटॅलाइट या खनिजात या मूलद्रव्याचा शोध लावला. दगडात सापडले म्हणून ‘दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. पुढील शंभर वर्षे त्याला बाजार असा नव्हताच. व्यापारी उत्पादन जर्मनीत १९२३ मध्ये सुरू झाले. काच, मृत्तिका उद्योग आणि दुसऱ्या महायुद्धकाळात विमानांसाठी लागणारी वंगणे यांपुरती मागणी मर्यादित होती. पहिली मोठी लाट आली ती शस्त्रास्त्रांमुळे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ऊष्मीय अणुकेंद्रीय अस्त्रांसाठी लिथियम संयुगांची प्रचंड खरेदी केली आणि उत्तर कॅरोलायनातील स्पॉड्युमीनच्या खाणी भरभराटीस आल्या. सरकारी खरेदी थांबताच साठे शिल्लक राहिले व धंदा मंदावला. एकाच ग्राहकावर विसंबलेल्या धंद्याचे हे ठळक उदाहरण होते. पण त्यापासून पुढील गुंतवणूकदारांनी फारसा बोध घेतल्याचे दिसत नाही.

चिलीचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. समुद्रसपाटीपासून सु. २,३०० मी. उंचीवरील आताकामा क्षारपटाखाली लिथियमयुक्त लवणजल आहे. ते पंपाने उपसून उथळ तळ्यांत पसरतात. कोकणातील मिठागरांप्रमाणेच पुढचे काम ऊन व वारा करतात. मात्र येथे त्यास वर्षाहून अधिक काळ लागतो व शिल्लक राहिलेल्या संहत द्रावापासून लिथियम कार्बोनेट बनवितात. इंधनाचा खर्च अल्प असल्याने कठीण खडक फोडून काढलेल्या लिथियमपेक्षा हे स्वस्त पडते. अणुकेंद्रीय महत्त्वामुळे १९७९ मध्ये लष्करी राजवटीने लिथियम हे शासनासाठी राखीव खनिज ठरविले. त्यामुळे खाजगी कंपन्यांना क्षारपट विकत मिळाला नाही. कोर्फो या शासकीय विकास महामंडळाशी करार करूनच तो वापरता आला. एका अमेरिकन कंपनीच्या सहभागाने तेथे १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९९७ च्या सुमारास ‘एसक्यूएम’ ही दुसरी कंपनी उतरली, तेव्हा जागतिक भाव कोसळले आणि उत्तर कॅरोलायनातील उरलेले खाणकामही बंद पडले. बाष्पीभवनाने जाणारे पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र करारांच्या मसुद्यात दीर्घकाळ दुय्यमच राहिला. क्षारपटाच्या काठावरील लिकानांताय आदिवासींची गावे व रोहित पक्ष्यांची सरोवरे त्या अतिशुष्क प्रदेशातील तुटपुंज्या जलसाठ्यांवरच जगतात. एप्रिल २०२३ मध्ये चिलीने नवे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यानुसार मे २०२४ मध्ये ‘कोडेल्को’ या सरकारी ताम्र कंपनीने एसक्यूएमशी २०६० पर्यंतच्या भागीदारीचा करार केला.

मागणीचे स्वरूप पालटले ते विद्युत् घटांमुळे. स्टॅन्ली व्हिटिंगम यांनी १९७० नंतरच्या दशकात एक्सॉन कंपनीत, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये जपानमध्ये केलेल्या संशोधनातून लिथियम-आयन घट सिद्ध झाला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खनिज तेलाचे भाव उतरल्यावर एक्सॉनने हे काम सोडून दिले होते. व्यापारी यश १९९१ मध्ये सोनी कंपनीच्या पदरी पडले. विजेवर चालणाऱ्या मोटारींची वार्षिक जागतिक विक्री २०२२ मध्ये १ कोटीवर, तर २०२४ मध्ये सु. १ कोटी ७० लाखांवर गेली. चीनमधील त्यानची कंपनीने २०१८ मध्ये एसक्यूएमचे सु. २४% भाग सु. ४०० कोटी डॉलर मोजून घेतले आणि कर्जाच्या ओझ्याखाली ती पुढील वर्षांत अडचणीत आली.

भावांचा आलेख पाहता हे ओझे का जड झाले, ते कळते. चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा टनाचा भाव २०२० मध्ये सु. ४० हजार युआनपर्यंत उतरला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ६ लाखांच्या जवळ पोहोचला आणि २०२३ च्या अखेरीस पुन्हा १ लाखाच्या आसपास आला. खाण शोधल्यापासून उत्पादन हाती येईपर्यंत बहुधा दहा वर्षे वा अधिक लागतात. तेजीत ओतलेल्या भांडवलाचा माल म्हणूनच अनेकदा मंदीत बाजारात येतो. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील काही खाणींचे काम थांबविण्यात आले. याउलट रिओ टिंटो कंपनीने त्याच मंदीत आर्केडियम लिथियम ही कंपनी ६७० कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले व मार्च २०२५ मध्ये व्यवहार पुरा केला. सर्बियातील यादार खोऱ्यात मात्र पैसा असूनही काम अडले : शेतकरी व नागरिक यांच्या आंदोलनामुळे जानेवारी २०२२ मध्ये शासनाने याच कंपनीची परवानगी रद्द केली, ती जुलै २०२४ मध्ये न्यायालयीन निर्णयानंतर पुन्हा देण्यात आली.

पुनश्चक्रणाकडे खाणीला पर्याय म्हणून पाहिले जाते. जुन्या प्रद्रावण पद्धतीत कोबाल्ट, निकेल व तांबे मिळतात, परंतु लिथियम मळीत जाते. नव्या पद्धतीत घट दळून मिळणारी काळी भुकटी अम्लात विरघळवून लिथियमही वेगळे करतात. अडचण रसायनाची कमी व हिशोबाची अधिक आहे. मोटारीतील घटमाला दहा-पंधरा वर्षे टिकते; त्यामुळे कारखाने आधी उभे राहिले व त्यांना पुरेल इतका भंगार माल यायचा होता. शिवाय लोह-फॉस्फेट प्रकारच्या स्वस्त घटांत कोबाल्ट व निकेल नसल्याने त्यांच्यापासून उत्पन्न थोडे मिळते. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंदलेल्या ‘ली-सायकल’ या कॅनडियन कंपनीने खर्च आवाक्याबाहेर गेल्याने रॉचेस्टरच्या प्रकल्पाचे बांधकाम ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबविले व मे २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांनुसार २०३१ पासून मोटारींच्या नव्या घटमालांतील लिथियमपैकी किमान ६% पुनश्चक्रित असणे बंधनकारक ठरविण्यात आले.

भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन अनुमानित साठा जाहीर झाला. हा आकडा धातुकाचा होता. प्रत्यक्ष धातूचा अंश त्यात अत्यल्प असतो, हे वृत्तपत्रांतील उत्साहात मागे पडले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून लिथियम आण्विक खनिजांच्या यादीतून वगळण्यात आले. तरीही पुरेसे बोलीदार न आल्याने मार्च २०२४ मध्ये रियासीचा लिलाव रद्द करावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये ‘खनिज बिदेश इंडिया’ या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतातील पाच क्षेत्रांत समन्वेषणाचा करार केला. निकामी घटमाला परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम भारत सरकारने २०२२ मध्येच लागू केले होते.