ल्युपस आणि डीएनएमधलं एक चुकलेलं अक्षर : कॅरोला विनुएसा यांचं संशोधन सोप्या भाषेत

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने मला एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. घरबसल्या लाळेचा नमुना पाठवा आणि डीएनएवरून आजार ओळखा, अशी ती जाहिरात होती. खाली तिचा प्रश्न : "दादा, ही टेस्ट केली तर मला ल्युपस का झाला ते कळेल का?"

हा आजार ओळखायलाच तिचं दीड वर्ष गेलं होतं. म्हणून नुसतं हो किंवा नाही न म्हणता मी वाचायला बसलो. त्यातून जे समजलं, ते आज तुम्हालाही सांगतो.

ल्युपस म्हणजे काय?

आपली रोगप्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचं अँटीव्हायरस ॲप समजा. ल्युपसमध्ये हे ॲप आपल्याच फाइल्सना व्हायरस समजून त्यांच्यावर हल्ला करतं. मग सांधे दुखतात, खूप थकवा येतो, गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखा लाल चट्टा उठतो. काहींच्या किडनीलाही इजा होते. दर १० रुग्णांपैकी साधारण ९ स्त्रिया असतात.

कॅरोला विनुएसा कोण आहेत?

विनुएसा मूळच्या स्पेनच्या. माद्रिदमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली. नंतर बरीच वर्षं त्यांनी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन केलं. पुढे त्या लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या.

सुरुवात उंदरांपासून

कॅनबेरामध्ये रसायन वापरून उंदरांच्या डीएनएमध्ये बदल घडवले जात आणि कोणत्या उंदराला काय होतं ते पाहिलं जाई. त्यातल्या एका प्रकारच्या उंदरांना ल्युपससारखा आजार झाला. शोध घेतल्यावर 'रोक्विन' नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं. हे जनुक काही टी-पेशींवर ब्रेकसारखं काम करतं. ब्रेक निकामी झाला की त्या पेशी वाढतात आणि शरीराविरुद्धच अँटीबॉडी बनायला मदत करतात. हे संशोधन २००५ साली 'नेचर'मध्ये छापून आलं.

एका मुलीचं डीएनए

पण उंदरात दिसलं ते माणसातही होतं का? स्पेनमधल्या एका मुलीला ७ वर्षांची असतानाच गंभीर ल्युपस झाल्याचं निदान झालं होतं. इतक्या लहान वयात हा आजार सहसा होत नाही. म्हणून विनुएसा यांच्या टीमने तिचा पूर्ण जीनोम वाचला. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. त्यात 'टीएलआर७' या जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. हा बदल तिच्या आईवडिलांमध्ये नव्हता.

टीएलआर७ चं काम म्हणजे विषाणूंचं आरएनए ओळखून अलार्म वाजवणं. या बदलामुळे अलार्म इतका संवेदनशील झाला, की शरीरातल्या साध्या घटकांनीही तो वाजू लागला.

पण नुसता बदल सापडला म्हणजे तोच दोषी, असं म्हणता येत नाही. म्हणून टीमने क्रिस्पर तंत्राने तोच बदल उंदरांमध्ये केला. त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला! हा पुरावा एप्रिल २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आणखी एक गोष्ट. टीएलआर७ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि स्त्रियांमध्ये एक्सच्या दोन प्रती असतात. ल्युपस स्त्रियांमध्ये जास्त का, याचं निदान एक कारण इथे मिळतं.

याचा रुग्णांना फायदा काय?

ल्युपसमध्ये नेहमी दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी काही प्रमाणात याच टीएलआर७ च्या अलार्मला शांत करते. आता थेट टीएलआर७ ला रोखणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्याही चालू आहेत.

मग ती टेस्ट करायची का?

माझ्या बहिणीला मी सांगितलं, "नको गं." कारण असं :

१. एकाच अक्षरामुळे होणारा ल्युपस फार दुर्मीळ असतो. बहुतेकांमध्ये अनेक जनुकांचे छोटे परिणाम आणि ऊन, संसर्ग, हार्मोन्स अशा गोष्टी एकत्र येतात.

२. ल्युपसचं निदान लक्षणं, एएनएसारख्या रक्ताच्या तपासण्या आणि लघवीची तपासणी हे सगळं मिळून डॉक्टर करतात. एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे ल्युपसच, असंही नाही.

३. आजार खूप लहान वयात झाला असेल किंवा घरात अनेकांना असेल, तर जनुक तपासणीचा उपयोग होऊ शकतो. पण ते संधिवाततज्ज्ञांनी ठरवायचं, जाहिरातीने नाही.

तिचा रिप्लाय आला : "म्हणजे माझी काही चूक नव्हती ना?" मी लिहिलं, "अजिबात नाही. गोळ्या वेळेवर घे आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लाव."

तुमच्या ओळखीत कुणाला ल्युपस असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि हो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध बंद करू नका.