सारखा ताण

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली, रोमन व्यापारातून आलेली. अंगावर कपडा नाही. ग्रीकांना नग्नतेचं काही वाटत नसे, पण शिश्नाचं टोक उघडं दिसणं मात्र असभ्य!

त्यामुळे झालं काय, इ.स.पू. १७५च्या सुमारास जेरुसलेममध्ये ग्रीक व्यायामशाळा निघाली तेव्हा काही ज्यूंनी आपली सुंता लपवली. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात तशी नोंद आहे. पुढे पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने शस्त्रक्रियाच लिहून ठेवली: टोकाभोवती सुरीने कातडी सोडवून ती पुढे ओढायची. आजची भूल तेव्हा नव्हती. चारचौघांत बसायला माणूस काय काय सोसतो...

सुरीशिवायचा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. उरलेली कातडी चिकटपट्टीने हलकेच, महिनोन्‌महिने ताणत राहायची. ताण टिकला की पेशी विभागतात, कातडी वाढते. १९७६ साली रादोव्हानने स्तनाच्या पुनर्रचनेसाठी कातडीखाली फुगा घातला, त्यामागेही हेच तत्त्व. फुग्यात दाब सगळीकडे सारखा (पास्कल आठवला का?). पट्टीला ती सोय नाही. एकीकडे जास्त ओढली की सगळा भार तिथेच, मग कातडी सोलवटते, वाढही वाकडी. म्हणून पट्टी पूर्ण गोल लावायची आणि दुखलं की थांबायचं. कापलेल्या मज्जातंतूंचं मात्र काही करता येत नाही.

आपल्या सुश्रुतसंहितेत उलटा आजार आहे: अग्रत्वचेचं तोंड आवळलेलं. उपाय? तूप लावलेली नळी, दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड. गोल नळी, म्हणजे ताण चहूबाजूंनी सारखा!