ऑक्साइडाधारित धातु-उत्प्रेरक : इतिहास

प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम इ. धातूंचे काही नॅनोमीटर व्यासाचे पुंज ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र ऑक्साइडावर विखरून हे उत्प्रेरक बनवितात. छत्रपती संभाजीनगरजवळील (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या बजाज ऑटोच्या कारखान्यातील पेट्रोल-मोटारसायकलींच्या धूरनळीतही आज ते असतात. कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने यांचे तेथे ऑक्सिडीभवन होते.

व्लादिमिर हेन्सेल यांनी १९४९ च्या सुमारास खनिज तेलाच्या शुद्धीकरणात ॲल्युमिनावरील प्लॅटिनम रूढ केले, तेव्हा ऑक्साइडाला महागड्या धातूचे केवळ आसन समजत. १९७८ मध्ये एस. जे. टॉस्टर व त्यांचे सहकारी यांना मात्र आढळले, की टिटॅनियावरील प्लॅटिनम सु. ५००° से. ला हायड्रोजनात तापविल्यास त्याची हायड्रोजन धरून ठेवण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. पुंज वाढलेले नव्हते. टिटॅनियाचाच पातळ थर धातूवर चढतो, हे पुढे उघड झाले. उलट, एरवी निष्क्रिय असलेले सोने योग्य ऑक्साइडावर सूक्ष्म कणरूपात बसविल्यास ०° से. खालीही कार्बन मोनॉक्साइडाचे ऑक्सिडीभवन घडविते, असे मासातके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखविले.

वाहनातील तीव्र उष्णतेने पुंज सरकून एकमेकांत मिसळतात व कार्यक्षम पृष्ठ घटते. शिसे तर त्यांना निकामीच करते. म्हणून १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारगाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक आवश्यक ठरले, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झाले. शहरांच्या हवेतील शिसे घटण्यास या पुंजांचा नाजूकपणाही कारणीभूत आहे, याची नोंद सहसा घेतली जात नाही.