शुभंकराचा पायगुण

फ्रेंच संगीतकार एदमाँ ओद्राँ यांची ‘ला मास्कोत’ ही संगीतिका १८८० साली पॅरिसच्या रंगभूमीवर आली. जिच्या पायगुणाने धन्याची भरभराट होते, अशा एका ग्रामकन्येची ती कथा. तिच्यामुळेच ‘मॅस्कॉट’, म्हणजे शुभंकर, हा शब्द इंग्रजीत रूढ झाला.

ही पायगुणाची कल्पना लवकरच अमेरिकेतील महाविद्यालयांच्या क्रीडांगणांवर पोहोचली. येल विद्यापीठात १८८९ साली ‘हँडसम डॅन’ नावाचा बुलडॉग आला. सामन्यापूर्वी त्याला मैदानातून फिरवीत. १८९३ साली नौदल प्रबोधिनीच्या बाजूने बोकड उभा राहिला, तर १८९९ साली त्याला तोंड देण्यासाठी लष्करी प्रबोधिनीने खेचर आणले.

या हौसेमागे एक मर्म आहे. खेळाडू बदलतात, विद्यार्थी पदवी घेऊन पांगतात. परंतु एका डॅनमागून दुसरा डॅन येतोच. पांढऱ्या केसांचा माजी विद्यार्थी आणि काल दाखल झालेला तरुण एकाच नावाचा जयघोष करतात.

मात्र काही विद्यापीठांनी प्राण्याऐवजी एका मानवसमाजालाच शुभंकर केले. स्टॅनफर्डचे ‘इंडियन’ हे प्रतीक तेथील मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या आक्षेपानंतर १९७२ साली मागे घेण्यात आले. इलिनॉय विद्यापीठात १९२६ पासून नाचणारा ‘चीफ इलिनिवेक’ २००७ साली निवृत्त झाला. या निर्णयांनी अनेक माजी विद्यार्थी हळहळले. त्यांची निष्ठा खोटी नव्हती. परंतु बोकडाला आपले सोंग कळत नाही, माणसाला आपल्या पूर्वजांचे सोंग कळते. ज्या जयघोषात शेजारी बसलेल्या सहाध्यायाची मान खाली जाते, त्याला शुभ कसे म्हणावे?