बिल्ल्यापासून ट्रॅकपर्यंत

सायकलमार्गांवर सरकारनं एवढा पैसा का घालवावा, असा प्रश्न हल्ली वरचेवर ऐकू येतो. पण सायकल आणि पालिकेची तिजोरी यांचं नातं जुनं आहे, आणि पूर्वी पैसा नेमका उलट दिशेनं जात होता. सायकलस्वार पालिकेला कर देत असे. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात वाहनं, होड्या आणि जनावरं यांच्यावरच्या कराची तरतूद आहे. सायकल हेही वाहनच. कर भरला की एक बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात, की पोलीस शिट्टी मारून उतरवायचा. आमच्या अब्बांच्या पिढीजवळ या बिल्ल्याच्या आणि दिव्याच्या गोष्टी भरपूर असत.

या कराच्या बदल्यात सायकलवाल्याला वेगळा मार्ग मिळाला का? नाही. पण त्यानं तो मागितलाही नव्हता. रस्ता त्याचाच होता.

पुण्याला तेव्हा सायकलींचं शहर म्हणत. पेठा एकमेकींना लागून, अंतरं थोडी. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक, खडकीच्या कारखान्यांतले कामगार, सगळे सायकलवर. मग १९७२ साल आलं. त्या वर्षी बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लूनाही. दोन्ही पुण्याच्याच उद्योगांच्या. पुढच्या तीस वर्षांत मध्यमवर्ग हळूहळू सायकलवरून उतरला. सायकल मात्र संपली नाही. पेपर टाकणारी मुलं, बांधकामावरचे मजूर, रात्रपाळीचे रखवालदार यांच्याकडे ती राहिली. २०११ च्या जनगणनेत माणसं कामाला कशानं जातात, हेही विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग वगळता, देशातले सुमारे १३ टक्के कामकरी सायकलनं जात होते. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच, किंचित कमीच होतं. सायकलमार्गाचा विचार करताना या माणसांचे चेहरे समोर हवेत.

पैशाची दिशा बदलली ती २००५-०६ च्या सुमारास. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना सुरू झाली. पुण्याच्या प्रकल्पांना केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० टक्के आणि उरलेले महापालिकेचे, असा हिशेब होता. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं सांगितलं, की वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्या. त्याच डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेनं सायकल ट्रॅक आले.

त्या ट्रॅकचं पुढं काय झालं, हे पुणेकरांना सांगायला नको. कुठं मध्येच झाड, कुठं विजेची पेटी, कुठं टपरी, कुठं उभ्या केलेल्या गाड्या. आणि चौक आला की ट्रॅक गायब. मी कविता लिहितो. कवितेतली ओळ मध्येच तुटली तर वाचक फार तर अडखळतो. सायकलमार्ग चौकात तुटला तर माणूस ट्रकपुढे येतो. म्हणून अनुभवी सायकलवाला त्या ट्रॅककडे वळतच नाही. मग आपण म्हणतो, बघा, ट्रॅक रिकामा आहे, पैसे वाया गेले!

हा धडा इतरांनी आपल्या आधी घेतला होता. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये हेग आणि टिलबर्ग या शहरांत सरकारी खर्चानं एकेक उत्तम मार्ग बांधून पाहिला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या, पण एकूण शहरात फारसा फरक पडला नाही. १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहरानं वेगळा विचार केला. जिथं वाट तुटते तिथं छोटा पूल, भुयारी मार्ग किंवा जोडरस्ता करून सगळ्या शहराचं जाळं विणलं. तिथं सायकलचा वापर वाढला.

आपण मात्र किलोमीटर मोजत राहिलो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकल ट्रॅक झाला, आणि मोटारींना जागा हवी म्हणून तो काढून टाकण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पवई तलावाकाठचा ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. म्हणजे बांधायला खर्च आणि उखडायलाही खर्च. तलावाकाठी फेरफटका मारायला ट्रॅक हवा, ही हौस झाली. कामावर जाणाऱ्याची गरज निराळी असते.

पुणे महापालिकेनं डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा जाळ्याचा विचार निदान कागदावर तरी आला. त्यामुळे सायकलमार्गांवर खर्च करूच नये, असं मी म्हणणार नाही. उड्डाणपुलांच्या खर्चापुढं हा पैसा किरकोळ आहे. मात्र त्याचा हिशेब बदलायला हवा. ‘या वर्षी किती किलोमीटर झाले?’ असं विचारण्याऐवजी नगरसेवकाला विचारा, की वारज्यातला मजूर सायकलवरून न उतरता, जीव मुठीत न धरता शिवाजीनगरच्या कामावर पोचेल, असा एक तरी सलग रस्ता तुम्ही केलात का? बिल्ल्याचे पैसे भरणाऱ्यांच्या नातवंडांना हे विचारण्याचा हक्क नक्कीच आहे.